पळावे की थांबावे? अमोनियाच्या अपघातांचा इतिहास



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच अडवले. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा अमोनिया कुठून आणलात?" प्रश्न रास्त आहे. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नाही. पण अमोनियाच्या अपघातांचा इतिहास वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात आली. बहुतेक ठिकाणी माणसाचे मरण-जगणे ठरले ते पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत त्याने काय निर्णय घेतला यावर. अपरात्र आहे, डोळे चुरचुरताहेत, श्वास कोंडतोय, दिसत काही नाही. पळायचे की दार लावून आत थांबायचे? हा प्रश्न रसायनाचा कमी आणि विवेकाचा जास्त आहे. आणि विवेकावर बोलण्याचा थोडाफार अधिकार आम्हाला आहे असे समजून पुढे जाऊ या.

नवसागर ते बर्फ

अमोनिया आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या मंडळींना कल्हईवाला आठवत असेल. भाता मारून भांडे तापवायचे, नवसागराची चिमूट टाकायची आणि कापडाने कथील फिरवायचे. भसकन पांढरा धूर निघायचा, नाकाला झोंबायचा, आणि आई ओरडायची, "लांब व्हा रे!" तो नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. त्याचे युरोपीय नाव इजिप्शियन देव आमोन याच्या लिबियाच्या वाळवंटातल्या देवळाशी जोडले जाते, आणि 'अमोनिया' हे नाव त्यातूनच आले. 1774 मध्ये जोसेफ प्रीस्टली याने हा वायू वेगळा काढला.

एकोणिसाव्या शतकात अमोनियाला मोठे काम मिळाले ते बर्फ करण्याचे. फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे याने 1859 च्या सुमारास आणि जर्मनीत कार्ल लिंडे याने 1870 च्या दशकात अमोनियावर चालणारी शीतयंत्रे बनवली. तोवर आपल्या मुंबई-कलकत्त्यात बर्फ यायचा तो अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतून, जहाजाने, भुशात गुंडाळून! अमोनियाने तो व्यापार संपवला. आजही मासळी, दूध, बटाटा, आइस्क्रीम यांच्या मागे कुठेतरी अमोनियाचा कंप्रेसर धडधडत असतो.

दुसरे काम त्याहून मोठे. 1909 मध्ये फ्रिट्झ हाबर याने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉश याने त्याचा कारखाना उभारला आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या कृत्रिम खतावर पिकते असे मानतात. आपल्याकडे तुर्भे आणि अलिबागजवळचे थळ ही नावे याच इतिहासातली. म्हणजे अमोनिया नको असे म्हणायची सोय आपल्याला नाही. तो लागणारच. मग त्याच्याबरोबर राहायचे कसे, हे शिकणे आले.

त्याचा स्वभाव थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. अमोनिया उणे 33 अंशांना उकळतो, म्हणून तो दाबाखाली किंवा थंड करून द्रवरूपात ठेवतात. एक लिटर द्रव सुटला की त्याचा साधारण साडेआठशे लिटर वायू होतो. वायू हवेपेक्षा हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा. मग तो वर निघून जायला हवा ना? इथेच फसगत होते. दाबाखालून सुटताना तो अतिथंड तुषारांसह बाहेर पडतो, आणि तो पांढरा ढग जड होऊन जमिनीलगत सरकतो. पुस्तकातला हलका वायू प्रत्यक्षात गल्लीबोळांतून वाहत येतो.

दुसरा गुण, त्याला पाण्याची विलक्षण ओढ. हाच त्याचा घातकपणा आणि हीच आपली सुटका. डोळे, घसा, फुप्फुसे हे सगळे ओलसर अवयव, म्हणून तो तिथेच जाऊन बसतो आणि जाळतो. पण म्हणूनच ओला पंचा त्याला बराचसा अडवतो आणि पाण्याचा फवारा त्याला हवेतून खाली खेचतो. तिसरा गुण म्हणजे वास. हवेच्या दहा लाख भागांत काही थोडे भाग अमोनिया असला तरी नाकाला कळतो. तीनशे भागांना तो जिवाला तातडीचा धोका मानला जातो. विषारी वायूंपैकी इतकी आधी वर्दी देणारे फार थोडे. कळत नाही ते एवढेच, की वर्दी मिळाल्यावर करायचे काय.

मायनॉटची रात्र

आता आपण अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात जाऊ. मायनॉट हे साधारण छत्तीस हजार वस्तीचे गाव. 18 जानेवारी 2002, रात्रीचे दीड वाजून गेलेले. तापमान उणे वीस अंशांच्या आसपास. गावाच्या पश्चिम वेशीजवळ 112 डब्यांच्या मालगाडीचे 31 डबे रुळांवरून घसरले. त्यांतल्या अमोनियाच्या पाच टाक्या अक्षरशः फुटल्या, टाक्यांचे तुकडे शेकडो फूट उडाले. सुमारे साडेपाच लाख लिटर अमोनिया जवळजवळ एकदम बाहेर पडला, आणि इतर डब्यांतून पुढचे पाच दिवस गळती चालूच होती.

वारा जवळजवळ नव्हता. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही. आपल्याकडे डिसेंबरात शेकोटीचा धूर गावावर आडवा पसरलेला दिसतो, तसेच. तो ढग सुमारे तीनशे फूट उंच झाला आणि हळूहळू आठ किलोमीटर पसरला. त्याखाली सुमारे 11,600 माणसे होती. बहुतेक झोपेत.

वीज गेली. आणीबाणीच्या फोनवर कॉलचा पाऊस पडला. पलीकडे बसलेल्या माणसांनी काय सांगावे? त्यांनी सांगितले: बाहेर पडू नका. खिडक्या-दारे बंद करा. बाहेरची हवा आत ओढणारी यंत्रे बंद करा. न्हाणीघरात जा, शॉवर सोडा, तोंडावर ओला कपडा धरा.

आता स्वतःला त्या घरात ठेवून पाहा. बाहेर उणे वीस. घर गरम ठेवणारी भट्टी बंद करायची. आत वास येतोच आहे, मुले रडताहेत, दारात मोटार उभी आहे. आणि फोनवरचा अनोळखी आवाज म्हणतो, थांबा. कोण थांबेल?

बहुसंख्य लोक थांबले. त्या रात्री मृत्यू झाला तो एकाचा. रुळांलगतच्या वस्तीतला हा रहिवासी घराबाहेर पडून मोटारीने निघून जाण्याचा प्रयत्न करत होता. ढगात दिसेना, गाडी शेजारच्या घरावर आदळली आणि तो त्या वायूतच सापडला. त्याचे काय चुकले? आम्ही तर म्हणू, काहीच नाही. आपल्यापैकी शंभरातल्या नव्वदांनी तेच केले असते. पळणे ही प्राण्याची उपजत बुद्धी आहे. पण ती बुद्धी वाघासाठी आणि वणव्यासाठी घडलेली, वायूच्या ढगासाठी नव्हे. वाघ मागे असतो. ढग मागे असतो, पुढे असतो, आणि धावणारा माणूस तर दर मिनिटाला दुप्पट-तिप्पट हवा छातीत ओढत असतो.

पण जे घरात थांबले ते सुखाने थांबले, असेही समजू नका. वायू फटींतून आत आलाच. अकरा जण गंभीर आणि तीनशेवर लोक कमीअधिक जखमी झाले. डोळ्यांचे आणि छातीचे विकार अनेकांना पुढे भोगावे लागले. थांबणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग होता, एवढेच.

चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, रुळांचे तुकडे जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्यांना तडे गेले होते आणि तपासणीत ते सापडले नव्हते. दोन, फुटलेल्या टाक्या जुन्या पद्धतीच्या पोलादाच्या होत्या; कडक थंडीत ते पोलाद ठिसूळ होते. म्हणजे रात्री दीडचा निर्णय नागरिकांच्या वाट्याला आला, तो दिवसाढवळ्या वर्षानुवर्षे न घेतलेल्या निर्णयांमुळे. हे विसरू नका, कारण आणीबाणीवर बोलताना सगळा भार सामान्य माणसाच्या समयसूचकतेवर टाकायची आपल्याला फार सवय आहे.

तिसरी गोष्ट रेडिओची. गावातली बहुतेक व्यापारी रेडिओ केंद्रे एकाच कंपनीच्या मालकीची. मध्यरात्री पोलिसांना रेडिओवरून सूचना द्यायची होती, ती वेळेवर गेली नाही. चूक केंद्राची की पोलिसांच्या यंत्रणेची, यावर नंतर बराच वाद झाला. वादात आपण पडू नये. पण तात्पर्य मोठे आहे. "घरात थांबा" ही आज्ञा पाळायची तर ती देणारा आवाज ओळखीचा आणि विश्वासाचा लागतो, आणि वीज गेल्यावरही तो पोचावा लागतो.

आकडे फसवतात

मायनॉट ही एकच घटना घेऊन सिद्धान्त मांडणे बरे नाही. म्हणून आणखी दोन घटना शेजारी शेजारी ठेवू.

20 मार्च 1989. सोव्हिएत लिथुआनियातले योनावा. खतकारखान्यातली थंड अमोनियाची प्रचंड टाकी फुटली. सुमारे सात हजार टन अमोनिया सांडला, त्याला आगही लागली. मृत्यू सात.

24 मार्च 1992. सेनेगलची राजधानी डाकार. शेंगदाण्याचे तेल काढणाऱ्या कारखान्यात अमोनियाची एक टाकी फुटली. आत बावीस टन. मृत्यू 129, जखमी अकराशेवर.

सात हजार टनांत सात, आणि बावीस टनांत एकशे एकोणतीस! आकडा उलटा कसा? योनावात आगीमुळे पुष्कळ वायू जळून व तापून वर गेला, आणि दूरवरचे लोक हलवायला अवधी मिळाला. डाकारमध्ये टाकी फुटली ती भर दिवसा, दाट वस्तीत. धोका वायूच्या वजनावर ठरत नाही. त्या क्षणी तिथे किती माणसे आहेत, वारा कुठे वाहतो आहे आणि माणसांना काय ठाऊक आहे यावर तो ठरतो. आपल्याकडचा नियमांचा सारा भर साठ्याच्या वजनावर असतो. मोठ्या कारखान्याला आपत्ती योजना, सराव, सायरन सगळे बंधनकारक. आणि बाजारपेठेत, चाळीला चिकटून असलेला बर्फाचा कारखाना? त्याचा साठा काही टनांचा, म्हणून मोठ्या नियमांच्या जाळ्यातून तो सहज सुटतो. डाकार आठवा.

दक्षिण आफ्रिकेतले पोचेफस्ट्रूम, 13 जुलै 1973. टाकीचे एक टोक तुटून 38 टन अमोनिया सुटला, अठरा माणसे गेली. अमेरिकेतले ह्यूस्टन, 11 मे 1976. अमोनियाचा टँकर उड्डाणमार्गाचा कठडा तोडून खालच्या रस्त्यावर कोसळला. या दोन्ही अपघातांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला आणि त्यांतून निघालेला धडा मायनॉटसारखाच. जे पक्क्या इमारतीत, दारे-खिडक्या लावून राहिले ते बहुतेक वाचले. जे उघड्यावर होते किंवा घाबरून बाहेर आले, त्यांचे हाल झाले.

भोपाळची सावली

आता आपल्या मनातला प्रश्न आम्हीच विचारतो. "सर, भोपाळचे काय?"

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली रात्र. तो वायू अमोनिया नव्हता, मिथाइल आयसोसायनेट होता. हवेपेक्षा जड आणि कितीतरी अधिक विषारी. चाळीस टनांच्या आसपास सुटला. लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. कोणीही सांगितले नाही की हे काय आहे आणि काय करायचे. लोक उठले आणि पळाले. पुष्कळजण ढगाच्याच दिशेने पळाले, धावताना खोल श्वास घेत राहिले. ओल्या कापडाने तोंड झाका, वाऱ्याला आडवे जा, एवढे दोन शब्द आधी कानावर पडले असते तर किती जीव वाचले असते, ही हळहळ अजून संपलेली नाही.

भोपाळनंतर देशात कायदे झाले. कारखाने अधिनियमात 1987 मध्ये दुरुस्ती झाली. 1989 मध्ये घातक रसायनांच्या साठ्याविषयीचे नियम आले, 1996 मध्ये रासायनिक अपघातांसाठीच्या आपत्ती नियोजनाचे, आणि 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा. कागद पुष्कळ झाला. पण लोकमानसात भोपाळने एकच धडा कोरला: वास आला की पळा. डिसेंबर 2023 मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे समुद्राखालच्या नळातून अमोनिया गळला, तेव्हा रात्री उशिरा लोक घराबाहेर पडून रस्त्यांवर आले, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांना नावे ठेवायचा आम्हाला अधिकार नाही. ज्या देशात भोंगा बंद केला गेला, तिथे "घरात थांबा" म्हणणाऱ्यावर विश्वास कोण आणि का ठेवील? विश्वास हा काही भावनेचा उमाळा नव्हे. तो आधी कमवावा लागतो, वर्षानुवर्षे, साध्या दिवशी.

आणि आणखी एक, जे परदेशी पुस्तकांत सहसा नसते. "घरात थांबा" म्हणायला आधी घर हवे. भोपाळच्या कारखान्यासमोर होत्या त्या झोपड्या. पत्र्याच्या खोपटाला, कुडाच्या भिंतीला, उघड्या झरोक्याला बंद कसे करणार? मायनॉटच्या घरांना दुहेरी काचा होत्या, कारण तिथे थंडी आहे. आपल्या घरांची रचनाच मुळी हवा खेळती राहावी अशी. म्हणून आपल्याकडे थांबणे याचा अर्थ वेगळा लावला पाहिजे. वस्तीतली कुठली इमारत पक्की आहे? शाळा? समाजमंदिर? तिथली एखादी खोली खिडक्या नीट लागतील अशी ठेवलेली आहे का? किल्ली कोणाकडे असते? हे प्रश्न फार साधे आहेत आणि ते आदल्या दिवशी विचारावे लागतात.

धावून जाणारे

आमच्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही राहत होतो. मासळीसाठी बर्फाचा कारखाना होता. आमचे वय दहा-अकरा. एका संध्याकाळी गॅस सुटला. लोक रस्त्याने धावत सुटले, कारण रस्ता तिकडे होता. वाराही तिकडेच होता! आईने पदर भिजवून आमच्या नाकावर दाबला. कारखान्याचे म्हातारे मिस्त्री आमच्या घरावरून चालले होते, पंचा ओला करून तोंडाला बांधलेला. त्यांनी माडाच्या झावळ्यांकडे एकदा पाहिले आणि आम्हा सगळ्यांना रस्ता सोडून आडवे, शेताच्या बांधावरून देवळाकडे नेले. पाच मिनिटांत आम्ही मोकळ्या हवेत होतो.

त्याच संध्याकाळी एक तरुण हेल्पर व्हॉल्व्ह बंद करायला तसाच उघड्या तोंडाने आत शिरला. जगला, पण त्याचे डोळे कायमचे अधू झाले. गावाने त्याला शूर म्हटले, नारळ दिला. मिस्त्री मात्र भडकले. म्हणाले, "शूर कसला? त्याला कोणी शिकवलंच नव्हतं!"

पुढे ॲरिस्टॉटल शिकवताना हे वाक्य आम्हाला दरवर्षी आठवायचे. ॲरिस्टॉटल म्हणतो की धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधले आहे, आणि त्याला कशाची, केव्हा आणि किती भीती बाळगायची याचे ज्ञान लागते. ज्ञान नसलेले धाडस धैर्यासारखे दिसते, एवढेच. आम्ही हे इंग्रजी पुस्तकातून शिकवले, मिस्त्रींनी ते बर्फाच्या कारखान्यातून. त्यांच्याकडे गळती शोधायला गंधकाची वात असायची. ती पेटवून नळाशेजारून फिरवायची. जिथे अमोनिया गळतो तिथे पांढरा धूर धरतो. अशा माणसाला भीती कशाची धरायची ते नेमके ठाऊक असते.

शिकलेल्यांचीही फसगत होते. 1984 च्या सप्टेंबरात अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट इथे एका शीतगृहात गळती झाली. अग्निशमन दलाचे दोन प्रशिक्षित जवान संपूर्ण अंग झाकणारे पोशाख घालून आत गेले. अमोनिया 'न पेटणारा वायू' म्हणून नोंदलेला. पण बंद जागेत, हवेत त्याचे प्रमाण साधारण पंधरा ते अठ्ठावीस टक्क्यांच्या दरम्यान गेले की तो पेटतो. तो पेटला. एक जवान गेला, दुसरा भयंकर भाजला. वायूपासून वाचवणारा पोशाख आगीपासून वाचवणारा नव्हता. लेबलावरचा शब्द आणि वास्तव यांत अंतर असते, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात सांगणे सोपे असते हो!

आणि कधी कधी धोका सगळ्यांना ठाऊक असतो आणि तरी पुढे ढकलला जातो. कॅनडातल्या फर्नी गावात, 17 ऑक्टोबर 2017 ला, बर्फावरच्या खेळाच्या मैदानातली शीतयंत्रणा गळून तीन कामगार गेले. यंत्र जुने झाले होते, गळतीची खूण आधी दिसली होती, तरी ते पुन्हा चालू केले गेले. इथे मध्यरात्रीचा गोंधळ नव्हता. निवांत वेळी घेतलेला निर्णय होता.

मग आपण काय करायचे?

आता कामाचे बोलू. लिहून घ्यायचे असेल तर घ्या.

पहिले, वारा पाहा. झाड, झेंडा, धूर, दोरीवरचे कपडे, काहीही चालेल. उघड्यावर असाल आणि ढग तुमच्यापर्यंत आलेला नसेल तर वाऱ्याला आडवे चला, मग वारा येतो त्या बाजूला. ढगाबरोबर शर्यत लावू नका, आणि ढगातून पलीकडे जायचे धाडसही नको.

दुसरे, ढग घराभोवती आलाच असेल तर आत थांबा. दारे-खिडक्या लावा, पंखा, एसी, एक्झॉस्ट बंद. फटींत ओले टॉवेल कोंबा. वाऱ्याच्या उलट बाजूची, आतली खोली निवडा. पाणी सोडा, नाकातोंडावर ओला कपडा धरा. थोडा वेळ तग धरायला तो उपयोगी पडतो, तो काही मास्क नव्हे. आग काड्या काहीही पेटवू नका. 112 किंवा 101 ला फोन करा आणि वारा कुठे वाहतोय तेही सांगा. गळती अगदी शेजारी असेल, दीर्घकाळ चालणार असेल किंवा आग पसरत असेल, तर हलावेच लागेल. तो निर्णय शक्यतो अग्निशमन दलाच्या सूचनेने घ्या. आणि एक गोष्ट लोक विसरतात. ढग निघून गेल्याचे कळले की दारे-खिडक्या सताड उघडा आणि बाहेर या. कारण तोवर आत मुरलेला वायू आता बाहेरच्यापेक्षा जास्त असतो.

तिसरे, डोळ्यांत किंवा अंगावर गेला तर पाणी, पाणी आणि पाणी. डोळे चोळायचे नाहीत, पापण्या उघड्या धरून निदान पंधरा मिनिटे धुवायचे. द्रव अमोनियाने कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढू नका, आधी पाण्याने सुटू द्या. लिंबू, व्हिनेगर असले घरगुती उतारे नकोत. नंतर बरे वाटले तरी डॉक्टरांकडे जा, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उसळू शकतो.

चौथे, सांडलेल्या द्रव अमोनियावर बादलीने पाणी ओतू नका. पाणी त्याच्यापेक्षा फार गरम. ओतले की तो भसाभस उकळतो आणि ढग वाढतो. पाण्याचा पडदा हवेतल्या वायूवर धरायचा असतो, खालच्या डबक्यावर नव्हे. हे काम अग्निशमन दलाचे. आत पडलेल्याला ओढून काढणे हेही स्वतंत्र श्वसनयंत्र लावलेल्या माणसाचे. आपला माणूस आत असताना बाहेर उभे राहणे फार कठीण आहे, आम्ही जाणतो. पण एकाचे दोन होऊ नयेत, ही त्या आतल्या माणसाचीही इच्छा असेल.

एका भगिनींनी मघाशी चिठ्ठी पाठवली: "आमच्या इमारतीमागेच बर्फाचा कारखाना आहे. घाबरावे का?" ताई, घाबरू नका, पण एक दिवस तिथे जा. मालकाला विचारा: वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी वर लावली आहे का? श्वसनयंत्र आहे का, आणि ते वापरता येणारी माणसे रात्रपाळीला असतात का? गळती झाली तर आम्हाला कळवणार कोण, आणि कसे? त्याने हसून टाळले, तर सोसायटीच्या सहीने अग्निशमन दलाला आणि कारखाने निरीक्षकांना पत्र द्या. त्याने नीट उत्तर दिले, तर त्याचा फोन नंबर जिन्याखालच्या फळ्यावर लिहून ठेवा. मायनॉटला फोन होते, रेडिओही होते. पण त्या रात्री कोणी कोणाला, कसे कळवायचे हे आधी पक्के नव्हते. आपल्याला ते ठरवायला आज संध्याकाळ मोकळी आहे.

पळावे की थांबावे, याचे एकच उत्तर इतिहास देत नाही. पण हा प्रश्न पहिल्यांदा ढगाच्या आत असताना पडू नये, एवढे तो नक्की सांगतो. आमच्या मिस्त्रींना झावळ्या पाहायला एक क्षण पुरला, कारण त्यांनी विचार आधीच करून ठेवला होता.